धनूसाठी चार फुटी टाकी

३ नोव्हेंबर, सोम.

आज धनूचा मेसेज आला. स्वतःहून नाही, मी विचारलं त्याला उत्तर. तरी आला. मी हॉलमध्ये, ती तिच्या खोलीत, मधे एक भिंत. विचारलं होतं, "तुझ्या माशांसाठी मोठी टाकी केली तर?" उत्तर येईपर्यंत जेवणं उरकली. "किती मोठी?" एवढंच.

दिवाळीच्या आधी नोकरी सोडून पुण्याहून आली. एक बॅग, आणि मांडीवर ती छोटी काचेची पेटी. पाणी हिंदकळू नये म्हणून सांगलीपर्यंत दोन्ही हातांनी धरून. तेव्हापासून खोलीत. काय झालं विचारलं की काही नाही म्हणते. डॉ. म्हणतात डिप्रेशन आहे, कारण शोधत बसू नका. मग शोधायचं काय? सगळी नोकरी फौजेत गेली. निदान गोळी कुठल्या बाजूनं येणार हे तरी माहीत असायचं.

बायकोला मेसेज दाखवला. शैलानं मोबाईल हातात घेऊन दोनदा वाचला. दोनच शब्द आहेत, तरी.

५ नोव्हें.

चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. टीव्ही काढून त्या जागी. माझ्या मनात सरळ हिशोब आहे. टाकी हॉलमध्ये असली की बघायला तिला बाहेर यावं लागेल.

शै.ला सांगितलं. "आवं, पोरीला मासा समजलाय व्हय, गळ टाकून ओढायला?" मी ओरडलो, "मग तू सांग दुसरं काय करायचं!" तिला सुचत नाही, मलाही नाही. नंतर वाईट वाटलं. चहा मीच केला, साखर विसरलो, तिनं तसाच प्यायला.

८ नोव्हें., शनि.

नकाशा काढून दाराखालून सरकवला. झाडं तीन रांगांत, सारख्या अंतरावर. मागे दगड. खिडकीजवळ टाकी, म्हणजे ऊन मिळेल. मला वाटलं झकास जमलाय.

संध्याकाळी मेसेज: "पप्पा, परेड नाहीये ती. उंच झाडं मागे, बुटकी पुढे, मधे माशांना मोकळी जागा. खिडकीजवळ नको, शेवाळ धरेल."

परेड नाहीये ती! पोरगी चेष्टा करते आहे माझी. शै.ला हाका मारून स्वयंपाकघरातून बोलावलं. पोळी करपली तरी काही बोलली नाही.

१३ नोव्हें., गुरु.

मिरजेच्या माशांच्या दुकानात तासभर. गोल्डफिशचा फोटो पाठवला. "नको. झाडं उपटतात." एंजलचा पाठवला. "नको. मोठे झाले की निऑन खातात." माझे निऑन असं म्हणाली नाही, पण तेच. तिच्याकडे बोटाच्या पेराएवढे निऑन आहेत, निळी-लाल रेघ असलेले, आणि तळाशी हुंगत फिरणारे कोरी. मग मी एक चांगला वीतभर, दातवाला मासा शोधून त्याचा फोटो पाठवला. "पप्पा!!!"

दुकानदार वैतागला. "साहेब, नक्की घ्यायचंय काय?" काय सांगू त्याला. उत्तर घ्यायला आलो होतो, मिळालं.

२२ नोव्हें., शनि.

टाकी आली. चौघांनी उचलून लोखंडी स्टँडवर ठेवली. आतून मेसेज: "पाणसळ लावली का? जरा जरी कलती असली तर काच तडकेल." लावली. एका बाजूला खाली होती, पत्रा सरकवला.

शै.नं काचेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. वाळू, दगड, झाडं. मागे उंच, पुढे बुटकी. पाणी भरलं. वाटलं, आता मासे, आणि आता धनू.

"मासे लगेच नाही. महिनाभर नुसतं पाणी फिरू द्या. पाणी मुरावं लागतं."

महिनाभर!

३० नोव्हें.

विचारायला काही उरलं नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. टाकी ठरवायची होती तोवर बोलत होती. टाकी झाली, बोलणं संपलं. मूर्खासारखं भराभर उरकलं मी. वर्षभर ठरवत बसायला हवं होतं.

शै. औंधला जाऊन यमाईची ओटी भरून आली. प्रसाद दाराशी ठेवला. मुंग्या लागल्या.

४ डिसें.

झाडांची पानं कुजायला लागली. आनंद झाला! लगेच कळवलं. "होतं तसं सुरुवातीला. थांबा." एवढ्यावर आजचा दिवस काढला.

१० डिसें., बुध.

ताट तसंच परत. कालचंही. मी दाराशी उभं राहून नको ते बोललो. किती दिवस चालणार हे, आईकडे बघ, तुला काय कमी पडलं ते तरी सांग. आतून फक्त तिच्या छोट्या टाकीच्या फिल्टरची बुडबुड. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. या वयात.

२० डिसें., शनि.

सकाळी मेसेज, तिचा तिनं. "माझे मासे पण घ्या. मोठ्या टाकीत बरे राहतील."

मी उड्या मारायचा बाकी होतो. शै.ला दाखवला तर ती मटकन खालीच बसली. मागच्या खेपेला डॉक्टरांनी तिला विचारलं होतं म्हणे, धनू आवडीच्या वस्तू कुणाला देऊन टाकते का. जिवाचं बरंवाईट करायचं मनात असलं की माणूस तसं करतं. मला का नाही सांगितलंस? "काय सांगू? तोंडातून शब्द फुटंना माझ्या."

डॉ. फोनवर म्हणाले आत्ता घेऊन या. आली गुमान. ओढणी डोक्यावरून घेऊन मागच्या सीटवर बसली. आत तिच्याशी पुष्कळ वेळ बोलले. गोळ्या बदलल्या. एकटी ठेवू नका म्हणाले.

घरी येऊन तिच्या दाराची आतली कडी काढायला बसलो. ती पलंगावर बसून बघत होती. स्क्रू गंजलेला, निघेना. "तेल घाला," म्हणाली. एवढंच बोलली.

२१ डिसें.

तिनं बादलीत मासे काढून दाराशी ठेवले. मी हॉलमध्ये सोडले. जरा बिचकले, मग निऑन सगळे एकदम वळले, झाडांच्या मधून. मी असं काही घरात कधी पाहिलं नव्हतं.

ती आली नाही. दार लोटलेलंच. शै. आत चटई टाकून असते तिच्यापाशी. म्हणते, छोटी टाकी रिकामी केली, पुसली, वर फडकं घातलं.

म्हणजे काय केलं मी? पोरीला बाहेर आणायला निघालो आणि तिच्यापाशी जे एक होतं तेही काढून आणलं.

२४ डिसें., बुध.

अक्का आली कुंडलहून, मदतीला. माझी थोरली बहीण, घरात आली की घर तिचं. ऊस, हरभरा आणि तांब्याचा हंडा घेऊन आली. "आरं शिवा, पोरीला गोळ्या कशाला देतूस? तांब्यातलं पाणी पाज. लय गुण हाय त्याला." गोळ्या बंद करणार नाही म्हटलं. हंडा मात्र राहिला. चिंच लावून घासला, लख्ख. आमच्या घरात जन्मापासून तेच पाणी प्यालो. कुंडलचं घर आठवलं.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं, वर घालावं लागतं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास, म्हणून रात्रभर ठेवून मग घालायचं, हे धनूनं आधीच सांगितलंय. मी प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवत होतो. अक्का म्हणाली, "हंड्यात ठेव की. माशास्नी बी जीवच हाय न्हवं." खरं आहे. प्लॅस्टिकपेक्षा कधीही चांगलं. आजपासून हंडा.

२९ डिसें., सोम.

झाडांबरोबर आलेल्या, काचेवरच्या गोगलगायी खाली पडल्यात, उलट्या. हलत नाहीत. एक निऑन मेला. बारीक, फिकट. कागदात गुंडाळून कुंडीत पुरला.

१ जानेवारी

दोन आज, तीन काल. बाकीचे वर येऊन तोंड वासतात. पाणी खराब झालं असणार म्हणून एकदम चार हंडे बदललं. दुपारपर्यंत आणखी एक.

शै. म्हणते धनूला कळू देऊ नका. कळलं तर काय होईल हा विचारच नको. अक्का टाकीपुढे उदबत्ती लावते. मी चिडलो, धूर नको म्हटलं, मग तिची माफी मागितली. दुकानदाराला फोन केला, म्हणाला पाणी बदला. बदलतोच आहे बाबा! तिच्या हातात पुण्यात एक मासा मेला नाही. माझ्या हातात पटापट. एक काम सोपवलं होतं तिनं मला.

३ जाने., शनि.

राहवलं नाही. फोटो काढून पाठवला. लिहिलं, "धनू, मरतायत. काय करू सांग."

मोबाईल खाली ठेवायच्या आत दार उघडलं. अनवाणी, केस मोकळे, परवाचाच ड्रेस. सरळ टाकीपाशी. टाकीकडे बघितलंच नाही, फोटोत मागं दिसला होता त्या हंड्याकडे बोट. "पाणी यातलं घालताय?"

"हो. रात्रभर ठेवून."

"पप्पा, तांबं! तांबं उतरतं पाण्यात. माणसाला चालतं, त्यांना विष आहे ते. कुणी सांगितलं तुम्हाला? विचारायचं नाही का? एवढंसं एवढंसं विचारत होता, दातवाल्या माशाचे फोटो पाठवत होता, आणि हे नाही विचारलंत?"

अक्का कोपऱ्यात तोंडाला पदर लावून. "मला काय ठावं गं बाय..."

धनू ओरडत होती. मी ऐकत होतो. देवा, किती दिवसांनी तिचा आवाज भिंतीतून नाही, समोरून. माशांचं दुःख होतं, खरंच होतं, पण तोंडावर हसू येईल की काय याची भीती वाटत होती. खाली मान घालून उभा राहिलो.

दिवसभर बादल्या. प्लॅस्टिकच्या. कोपरापर्यंत हात टाकीत. थोडं काढायचं, थोडं घालायचं, एकदम नाही. दुकानातून विष शोषणारा कोळसा आणून फिल्टरमध्ये भरायला लावला. शै.नं उप्पीट केलं, ते उभ्यानंच खाल्लं, ओल्या हातानं.

५ जाने.

काल एक मेला. आज नाही. ती हॉलमध्येच, टाकीसमोर पाट घेऊन. अक्काशी बोलली. अक्कानं तिला तेल लावून वेणी घातली, तिनं घालू दिली. शै. मला स्वयंपाकघरात म्हणाली, "बघा." मी म्हटलं दृष्ट लावू नकोस.

९ जाने., शुक्र.

उरलेले सगळे बरे आहेत. खातात. कोरी परत वाळू हुंगायला लागले. झाडांना नवी पानं.

आणि ती आत गेली. काही भांडण नाही, बोलणं नाही. सकाळी दार लोटलेलं. ताट अर्धं परत. मासे इथेच ठेवलेत, "राहू देत" म्हणाली.

डॉक्टर म्हणतात असं खालीवर होणार, धीर धरा. धीर धरूनच तर बसलोय. एकदा बाहेर आलेली बघितल्यावर परत लोटलेलं दार बघणं आधीपेक्षा वाईट आहे. कुणाला सांगू हे?

११ जाने., रवि.

आज जे मनात आलं ते इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार.

टाकीत पाणी घालायचं होतं. बादली आणि हंडा शेजारी शेजारी. मी हंड्याकडे बघत उभा राहिलो. मासे मरायला लागले तेव्हा ती आली होती. हंड्यातलं तांब्याभर पुरे. एखाद-दुसरा जाईल. ती धावत येईल, ओरडेल, पाट घेऊन बसेल.

तांब्यात पाणी घेतलं होतं मी. टाकीपर्यंत गेलो होतो. निऑन खायला मिळेल म्हणून काचेशी आले, सगळे, माझ्या बोटाच्या मागे मागे.

मोरीत ओतलं.

अक्का उद्या जाते आहे. तिला म्हटलं हंडा घेऊन जा. "आरं, पोरीला प्यायला ऱ्हाऊ दे की." घेऊन जा म्हटलं, आवाज चढला माझा. ती बघतच राहिली. "का रं, काय झालं?" मी हंडा तिच्या पिशव्यांशेजारी नेऊन ठेवला.

१२ जाने., सोम.

अक्काला एसटीत बसवून आलो. हंडा तिच्या पायाशी.

दिवसभर मोबाईल हातात. विचारायला एकही निमित्त नव्हतं. पानं हिरवी, पाणी स्वच्छ, मासे पळतायत. काहीतरी खोटं लिहावं असं चारदा मनात आलं. चार वेळा लिहिलं, पुसलं.

शेवटी खरं तेच पाठवलं. "मासे बरे आहेत. पाणी बरं आहे. टाकीला काही झालेलं नाही. मी बरा नाही. थोडा वेळ बाहेर येऊन बसतेस का?"

वाचलंय तिनं. उत्तर नाही.

टाकीचा लाईट बंद करायची वेळ होऊन गेली. शै. दोनदा आठवण करून देऊन गेली. टाकीसमोर दोन पाट मांडलेत, एकावर मी बसलोय.