जगात कुठेही घर नाही

उपनगर, नाशिकरोड
४ ऑगस्ट २०२४

चि. चैताली हिस,
रोहिणीआत्याचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस आणि मागे मिक्सर लावतेस, म्हणून पत्र. कागदावर मिक्सर ऐकू येत नाही.

वकिलाकडे जाऊन आले. हा फ्लॅट बक्षीसपत्र करून तुझ्या नावे करायचा. डिसेंबरात सुट्टीवर येशील तेव्हा सही कर. तुझ्या बाबाला सांगितलं. त्याला आनंद झाला असावा, कारण त्याने दुसऱ्यांदा चहा मागितला.

मी इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला लागले तेव्हा आडनाव सांगितलं की घरमालकांच्या रिकाम्या खोल्या एकदम भरायच्या. म्हणून हट्टाने हे घर घेतलं आणि दारावर आपल्या आडनावाची पाटी लावली. आता ती तुझी. तुझी खोली तशीच आहे. गॅलरीतला तुझा कढीपत्ता माझ्या खांद्याला लागलाय.

मायेत काटकसर करू नकोस.
तुझी आत्या

लीड्स
२२ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
चैतालीचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र ड्यूटीवर, हॉस्पिटलच्या वॉर्डातच वाचलं. एका आजीबाईंनी विचारलं, बाई, कोण गेलं? म्हटलं, कुणी नाही, आत्याने घर दिलंय.

पण रागावू नकोस, ती सही मला करता येणार नाही. पहिलं घर घेणाऱ्या तरुणांसाठी इथे सरकारी बचत खातं असतं. मी चार पौंड टाकले की सरकार एक घालतं. अट एकच जाचक आहे: जगात कुठेही, कधीही माझ्या नावे घर नसावं. नाशिकचंही धरतात, बक्षीस मिळालेलंही. आणि घर न घेता आत्ताच पैसे काढले तर सरकार आपले परत घेतंच, वर माझ्यातलेही थोडे कापतं. चार वर्षांच्या नाइट ड्यूट्या त्या खात्यात आहेत गं.

राग आला तरी लोभ सोडू नकोस.
तुझी चैताली

उपनगर
१० सप्टेंबर २०२४

चि. चैताली हिस,
जयभीम. वि. वि.

चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचलं. मजकूर तोच होता. ज्यांनी दीडशे वर्षं इथून नेलं ते आता चारास एक देतात, आणि माझी भाची टाळ्या वाजवते!

त्या खात्याचे नियम मी स्वतः वाचले. कॉन्व्हेंटचं इंग्रजी कधीतरी कामाला यायला हवं. तिथेच राहणाऱ्या मुलीला खातं उत्तम, इतकं व्याज कुठली बँक देणार? परत येणाऱ्या मुलीला मात्र तो उंदराचा पिंजरा आहे. आत जाताना भजं, बाहेर येताना शेपूट कापून. तेव्हा खातं चांगलं की वाईट, हा वाद संपला. तू यातली कोणती, तेवढं कळव.

तुझा बाप म्हणतो, तिला वाटेल ते करू दे. जणू मला काही वाटतच नाही.

आत्या

लीड्स
६ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

गेल्या रविवारी एक घर पाहिलं. दोन खोल्या, मागे हातभर अंगण. दाखवणाऱ्या बाईने विचारलं, कोण कोण राहणार? मी दोघी म्हणून गेले. मग आठवलं, आपल्या गॅलरीतल्या उन्हातसुद्धा तू शाल घेऊन बसतेस.

आत्या, मी पहिली. इथेच राहणारी. एवढं लिहायला मला दोन आठवडे लागले. इथे बाजारात कढीपत्ता प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळतो. पिशवी फोडून नाक घालते, पण आपल्यासारखा वास येत नाही.

मला तोडू नकोस.
चैताली

उपनगर
२७ ऑक्टोबर २०२४

चि. चैताली हिस,
आत्याचा सप्रेम जयभीम. वि. वि.

बक्षीसपत्र रद्द. वकील फी परत देत नाही म्हणाला. मीही त्याला जे सुनावलं ते परत घेतलं नाही.

फ्लॅट माझ्याच नावे राहील. वारसाहक्काने मिळालं तरी तुझं खातं बिघडतं, हेही वाचलं. म्हणजे तुझं घर होईपर्यंत मला मरायची सोय नाही. गोळ्या वेळेवर घेते. तू लवकर उरक, नाहीतर सावकाश उरक.

घर घेताना तुला लिहून द्यावं लागेल की जगात कुठेही माझं घर नाही. खुशाल लिही. सरकारला सांगायला हरकत नाही. मला मात्र असं कधी सांगू नकोस.

डिसेंबरात ये. सहीचं काही काम नाही. कुलूप बदललेलं नाही, तुझ्याजवळची चावी अजून लागते.

लोभ तिकडे नेलास, थोडा इकडेही ठेव.
तुझी आत्या