एकसष्ट कलचाचण्या

नांदेड, १८ ऑगस्ट २०२५

ती. दादास,

चंदाचा नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असं मावशीकडून कळलं. त्यांना आता जिना चढता येतो का? सोबत अर्धापूरची केळी पाठवते आहे, त्यांना आवडतात म्हणून.

पाच वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस, म्हणून कागदावर लिहिते. आमच्या ऑफिसातला शिपाई बसवंत उद्या सासुरवाडीला लातूरला निघाला आहे, त्याच्या हाती देते. न वाचता परत पाठवू नकोस, एवढंच.

आमचं मार्गदर्शन केंद्र बंद झालं. बंद म्हणायचं नाही, 'रूपांतर' म्हणायचं, असं वरून सांगितलं आहे. ज्या खोलीत बावीस वर्षं दहावी-बारावीची मुलं माझ्यासमोर बसून बोलली, तिथे आता दुसऱ्या विभागाची कपाटं आली आहेत. मुलांनी मोबाईलवर चाळीस प्रश्नांची कलचाचणी द्यायची, अ‍ॅप तीन क्षेत्रं सुचवतं, आणि छापील अहवालावर आम्ही शिक्का मारायचा. मी आता समुपदेशक नाही, समन्वयक आहे. आज किती अहवाल निघाले याचा तक्ता रोज संध्याकाळी वर पाठवते. पगार तोच आहे, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

लिहायचं होतं ते हे नव्हे.

इस्लापूरची एक मुलगी आहे, अक्षरा. शेषेराव म्हणून शेतकरी आहेत, त्यांची थोरली. जानेवारीत ती माझ्याकडे आली होती, तेव्हा बारावी सायन्सला होती. त्यांच्या गावात बांधाची मोजणी झाली त्या दिवशी ही पोर सकाळपासून मोजणीवाल्याबरोबर झेंडी धरून उभी राहिली होती. मला म्हणाली, "म्याडम, दोघा भावांचं चार वर्षांचं भांडण त्या माणसानं एका दिसात मिटवलं. कुणाला मारलं न्हाई, वरडला न्हाई. नुसतं मोजलं. मला ते काम पायजे." आयटीआयला सर्वेअरचा कोर्स असतो हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. उठून जाताना तिने माझ्या टेबलाची लांबी वितीने मोजली, आणि मग लाजली.

सध्या ती लातूरला आहे. वडिलांनी जुलैत तिला नीटच्या रिपीटर बॅचला घातलं. तुझ्या घरापासून होस्टेल पायी दहा मिनिटांवर आहे, पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. मुलींचे मोबाईल तिथे काढून घेतात, रविवारी फक्त रेक्टरबाईंच्या फोनवरून बोलू देतात. तिने ३ तारखेला मला फोन केला होता. १० तारखेला वाट पाहिली, आला नाही. कालही नाही. मी लावते तर उचलत नाहीत. इस्लापूरला लावला तर रेंज नाही. दादा, तू एकदा जाऊन तिला बघून येशील का?

तू विचारशील की सरकारी नोकर बाई एका मुलीसाठी एवढी कासावीस का होते. आणि स्वतः का येत नाही. गाडीला अडीच-तीन तासच तर लागतात.

जूनअखेर सगळ्या प्रलंबित मुलांचे अहवाल निघालेच पाहिजेत, असा आदेश होता. दोनशे चौदा मुलं होती. काहींनी चाचणी दिली. काहींकडे मोबाईल नव्हता, काहींचा लागत नव्हता. शेवटचे तीन दिवस बसवंत नावं वाचत गेला आणि चाचण्या मी भरत गेले. एकसष्ट. अक्षराचं नाव आलं तेव्हा स्क्रीनवर 'बारावी, जीवशास्त्र' एवढंच दिसत होतं. त्या अंदाजाने मी चाळीस उत्तरं दिली. 'वैद्यकीय क्षेत्र : अत्यंत अनुकूल' असं आलं. ती जानेवारीत जे बोलली ते मी माझ्या वहीत लिहिलं होतं. वही कपाटात होती आणि कपाट माझ्या पाठीमागेच होतं. मी उठले नाही.

शेषेराव अहवाल न्यायला आले तेव्हा मला म्हणाले, "सरकारचाच शिक्का हाय, आता ईचार कशाचा करायचा?"

आणि ३ तारखेच्या त्या रविवारी फोनवर तिने एवढंच विचारलं, "म्याडम, तो रिपोर्ट खरा असतो का?"

मी म्हणाले, हो.

पाच वर्षांपूर्वी तू तुझ्या आलोकचं क्षेत्र परस्पर ठरवलंस, तेव्हा मी तुला तुझ्याच दारात विचारलं होतं, पोराला विचारलंस का म्हणून. तुला ते किती लागलं असेल, हे मला आता कळतं आहे. त्या मुलीसमोर उभं राहायचं धैर्य मला होत नाही. तू जा.

तुझी,
चंदा


लातूर, २० ऑगस्ट

चि. चंदास आशीर्वाद.

केळी मिळाली. पत्र दोनदा वाचलं आणि काल दुपारीच गेलो. रेक्टरबाई नातेवाईक नसलेल्याला भेटू देत नव्हत्या. चौतीस वर्षं गणित शिकवलं आहे, भेटल्याशिवाय जाणार नाही, असं सांगून पायरीवर बसलो. तासाभराने मुलीला खाली पाठवलं.

मुलगी धड आहे, आधी हे लिहायला हवं होतं. पण खंगली आहे. बारा दिवस क्लासला गेलेली नाही. डोकं दुखतं म्हणून पडून असते. घरी कुणी कळवलेलं नाही. एक वेळ जेवते, ते मैत्रिणीने ताट वर नेलं तर.

मी फार विचारलं नाही. अलीकडे मला ते थोडं जमू लागलं आहे. तीच म्हणाली, "सर, सरकारनंच लिवलंय म्हणल्यावर मला वाटलं, मीच चुकले असंन. मला माझंच काही कळत न्हाई असं वाटून राहिलं. मग पुस्तक उघडलं की अक्षरंच दिसंनात."

मी तिला सांगितलं की तो अहवाल सरकारने लिहिला नाही, यंत्रानेही नाही. माझ्या बहिणीने अंदाजाने भरला. तुझं नाव घेऊन सांगितलं. तुला राग येईल, येऊ दे.

ती रडली नाही. तिने विचारलं, "मग मी जे बोलले होते, ते कुठं लिवलंय?"

तुझ्या वहीत, असं मी तिला सांगितलं. ती घेऊन ये. आधी तिच्या बापाकडे जा, मग इकडे. आयटीआयची शेवटची फेरी २८ तारखेला असल्याचं चौकशी करून आलो आहे. तोवर मी रोज दुपारी होस्टेलच्या पायरीवर जाऊन बसणार आहे.

आलोकचा हल्लीचा नंबर तुझ्याकडे असेल, माझ्याकडे नाही. त्याला विचारून, तो हो म्हणाला तरच पाठव.

तुझा,
वसंत


नांदेड, ३१ ऑगस्ट

ती. दादा,

तुला लातूरला भेटले तेव्हा अक्षरा सोबत होती, त्यामुळे इस्लापूरचं काहीच सांगता आलं नाही.

वही सापडली. आमचं जुनं कपाट रिकामं करताना ती स्टोअरच्या खोलीत टाकली होती, तीन कपाटांच्या मागे. ते पान आणि मी काय केलं त्याचा सहीनिशी लेखी कबुलीजबाब घेऊन गेले. शेषेराव ओट्यावर होते. कागद वाचून झाल्यावर त्यांनी त्याची घडी घातली. मग म्हणाले, "आमाला वाचता येतं म्याडम, पण कोणता कागद खरा ते कसं वळखावं?" आतून त्यांच्या पत्नी, लक्ष्मीबाई, बाहेर आल्या. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "पोरगी जेवती का?" एवढंच विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी पायात चप्पल घातली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उठा. आत्ताची गाडी हाय."

पुढचं तू पाहिलंच आहेस. होस्टेलच्या दारात अक्षराने आईला मिठी मारली आणि माझ्या हातातलं पान घेऊन उभ्या उभ्या वाचलं. माझ्याशी ती एक शब्दही बोलली नाही. तिने बोलावं असं मला वाटत होतं, पण ते मागायचा हक्क मला नाही.

काल शेषेरावांचा फोन आला. शेवटच्या फेरीत तिला सर्वेअरला जागा मिळाली, किनवटला. ते अजून खूश नाहीत. "दोन वर्सं बघू," म्हणाले. पण ती आता दोन्ही वेळा जेवते. फोन तिला देऊ का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मागून तिचा आवाज ऐकू आला, "नगं." ते ठीकच आहे.

कबुलीजबाबाची एक प्रत मी साहेबांनाही दिली होती. सात दिवसांत खुलासा द्या, अशी नोटीस आली आहे. तक्ता बिघडला म्हणून वरचे चिडले आहेत. नोकरीचं काय होईल माहीत नाही.

खुलाशासोबत सगळी एकसष्ट नावं जोडली आहेत. उद्या रजा काढून हिमायतनगरला जाते. तिथली बुद्धप्रिया नावाची मुलगी, तिला मी 'वाणिज्य' लिहून दिलं. तिचा चेहरा आठवत नाही. वहीत तिचं पान नाही, म्हणजे मी तिला कधी भेटलेच नव्हते. तिला काय हवं होतं, हे विचारायला जाते आहे. फार उशीर झाला नसेल ना, हेच सारखं मनात येतं.

आलोक हो म्हणाला. नंबर खाली लिहिला आहे. तो सकाळी नऊच्या आधी मोकळा असतो.

साठ घरं अजून बाकी असलेली,
तुझी चंदा