मागच्या टायरचा प्रश्न

हेब्बाळ, बेंगळुरू, मंगळवार

तीर्थस्वरूप ठकुअक्का यांस,

सूर्यकांतचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तुमच्या निपाणीच्या टायरच्या दुकानाची पायरी फार उंच आहे, चढताना कशाला तरी धरत जा (काही नसेल तर गिऱ्हाइकाला धरा, तेवढाच तो पळून जायचा नाही). आमचे साडू गेल्यावर ते दुकान तुम्ही एकटीने चालवलंत, म्हणून हा सल्ला तुम्हालाच विचारतो आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही 'हं, बोला लवकर' म्हणता आणि मी मुद्दा विसरतो.

मुद्दा असा की माझ्या स्कूटरचे दोन्ही टायर गेले. मला तर ते चांगलेच वाटत होते, नक्षीसुद्धा अजून दिसते. पण इथला टायरवाला मल्लाप्पा खाली बसला, अंगठ्याने रबर दाबलं आणि म्हणाला, 'वापर कमी, वय जास्त. आतून सगळं वाळलंय, सर.' (बोलला टायरबद्दल, बघत होता माझ्याकडे.) टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी तयार झाला त्याचे चार आकडे बाजूला असतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. माझे निघाले यशश्री गेली त्याच्या आदल्या वर्षीचे. तुमची बहीण गेल्यापासून मी स्कूटर घेऊन जातो तरी कुठे, अक्का? दूध, बँक आणि घर. त्या आकड्यांवर बोट ठेवून मी किती वेळ बसलो कोण जाणे, तेवढ्यात मल्लाप्पाने एका रिक्षाचं पंक्चर काढलं आणि माझ्या गाडीची दोन्ही चाकं काढून ठेवली.

पुढचं चाक बारा इंची आणि मागचं दहा, हे मला परवापर्यंत ठाऊकच नव्हतं. मी आपला एकसारखी जोडी मागत होतो, पायमोजे मागावेत तशी. मल्लाप्पा म्हणाला, 'पुढचा वाट धरतो, मागचा भार घेतो. दोघांचं काम वेगळं.' झालं, माझी पुन्हा तंद्री लागली. दुकानाच्या छपराला टायर टांगलेले, प्रत्येकात आभाळाचा एक गोल तुकडा, आणि एक पांढरा ढग सावकाश या टायरातून त्या टायरात चाललेला. नव्या रबराचा वास येत होता (हा वास तुम्हाला आवडतो, असं यशश्री सांगायची). मला दिसलं की मी देवनहळ्ळीच्या रस्त्याला लागलोय, किल्ल्याची भिंत जवळ येतेय, घाई कसलीच नाही आणि मागे कोणीतरी पदर सावरून बसलंय. एवढ्यात मल्लाप्पाने हाक मारली, 'स्वल्प इकडे बघा सर, हिंदे यारु कूत्कोतारे?' म्हणजे मागे कोण बसतं? एकट्याला साधा टायर पुरतो, दोघांना दणकट लागतो म्हणे. मी म्हणालो, दोघं. त्याने दुसऱ्याचं वजन विचारलं. मी म्हणालो, अजून विचारलं नाही. मल्लाप्पाने हातातला पाना खाली ठेवला. 'बरं सर, विचारून या,' म्हणाला.

तेव्हापासून स्कूटर त्याच्या दारात बिनचाकांची उभी आहे आणि येणारे-जाणारे तिची चौकशी करतात. तर मागचा टायर साधा घेऊ की दणकट? तुम्ही सांगाल तो घेईन.

आपला,
सूर्यकांत

ता. क. टायरचं निमित्त होतं, अक्का. आमच्या गल्लीच्या टोकाला कावेरीबाई शिवणाचा वर्ग चालवतात, त्यांचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. देवनहळ्ळीला भावाकडे सोडाल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, टायर खराब आहेत. त्या म्हणाल्या, मग बदला. मला त्यांच्याशी लग्न करायचं आहे. पण ती मागची जागा यशश्रीची. तुम्ही हो म्हटल्याशिवाय तिथे कोणाला बसवणार नाही, असा शब्द मी स्वतःला दिलाय आणि त्यांनाही तसं सांगून टाकलंय.

आणखी ता. क. (शुक्रवार) पत्र तीन दिवस माझ्या खिशातच राहिलं. शब्द मात्र मोडलेला नाही. आज सकाळी कावेरीबाई स्वतःच मल्लाप्पाकडे गेल्या, दोन्ही टायर (मागचा दणकट) बसवून घेतले आणि स्कूटर चालवत माझ्या दारात आल्या. त्या पुढे बसल्या, मी मागे. मागे बसलं की रस्ता दिसत नाही, बाजूचं सगळं दिसतं. तळ्याजवळून जाताना यशश्री मागून दर वेळी म्हणायची, 'अहो, ते पक्षी बघा,' आणि मी दर वेळी म्हणायचो, गाडी चालवू दे. आज पहिल्यांदा बघितले. खूप आहेत, अक्का. मला रडू आलं. कावेरीबाईंनी गाडी बाजूला घेतली, माझं रडून होईपर्यंत त्याही पक्षी बघत राहिल्या. हो म्हणा.