दाराआड आप्पा काय बोलले

बारामती,
१७ डिसेंबर १९९६

आणि त्याचं उत्तर मी तेव्हाच देणार होते आत्या, पण कंडक्टरनं डबल बेल मारली. तू खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडलीस, “मग नागेशच्या घरी काय सांगू? व्हय म्हणू का?” आणि मी नुसतं “हं…” म्हणेपर्यंत गाडी भिगवणच्या रस्त्याला लागलीसुद्धा. तू डाळजला उतरेपर्यंत त्या ‘हं’चा ‘हो’ करून टाकला असशील तर थांब. पुण्याला निरोप धाडू नकोस. आधी हे पत्र पूर्ण वाच, आणि स्वतः वाच. मामांना वाचायला लावू नकोस, ते वाचतात ते गोठ्यातल्या म्हशींनाही कळतं.

आता रीतीप्रमाणं. तीर्थस्वरूप साखरबाई आत्या हिला (आई म्हणते पत्रात ‘यांना’ लिहायचं असतं, पण तुला ‘यांना’ म्हटलं की मी रुसलेय असं तुला वाटेल) वैष्णवीचा डोकं टेकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मामांचा खोकला? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे आईची पाठ, आप्पांचा अंगठा आणि माझ्या मानेची खाज सोडून. तिन्हीचं कारण एकच, डॉक्टर विजयसिंहांचा दरवाजा. तू आलीस तेव्हा फक्त चौकट बसली होती, त्यामुळं तुला आधीचंही माहीत नाही आणि नंतरचंही नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या आतच आहे.

डॉक्टरांचा कानाचा दवाखाना इंदापूर रोडला आहे ना, तिथून सीझनभर उसाच्या ट्रॉल्या जातात, आणि हल्ली प्रत्येक ट्रॅक्टरवाल्यानं टेप बसवून घेतलाय. डॉक्टरांनी ऐकू येतं का ते तपासायचं मशीन आणलं. पेशंटनं कानाला हेडफोन लावायचा आणि बारीक आवाज आला की बोट वर करायचं. पहिलेच पेशंट वरकुट्याचे एक आजोबा. ते दर ट्रॅक्टरला बोट वर करायचे. रिपोर्टप्रमाणं त्यांचे कान आपल्या सगळ्यांपेक्षा चांगले निघाले आणि त्यांची सून डॉक्टरांशी भांडायला आली, की मग घरी हाका मारल्यावर ह्यांना काय होतं? तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं की खोली साउंडप्रूफ करायची. भिंतींचं गवंड्यानं केलं, दरवाजाचं आप्पांना विचारलं.

आप्पा दिवसभरात किती बोलतात ते तुला माहीतच आहे. ‘धर’, ‘सोड’, ‘हं’. वालचंदनगरला कंपनीत होते तेव्हाही असेच होते म्हणे, आणि आता स्वतःचं सुतारकामाचं दुकान टाकल्यावर मशीनच्या आवाजात तेवढंही नको झालंय. कॉलेज संपल्यापासून मी रोज दुकानात जाते, पण ये असंही ते कधी म्हणाले नाहीत आणि येऊ नको असंही नाही. (हे लक्षात ठेव, माझं सगळं दुखणं इथंच आहे.) तर डॉक्टरांनी विचारल्यावर आप्पा नाही म्हणायच्या बेतात होते, पण मीच मधे पडले आणि म्हटलं, करतो आम्ही! फिजिक्सला आम्हाला होतं ना, लायब्ररीतल्या इंग्रजी पुस्तकात सगळं दिलंय, जितकं वजन जास्त तितका आवाज कमी जातो. आप्पा घरी येताना एवढंच म्हणाले, “मग भित्ताडच बसव की.” मी म्हटलं, भिंतीला बिजागरी लागत नाही आप्पा. त्यावर ते ‘हं’ म्हणाले. म्हणजे हो.

सागवानाची फ्रेम, दोन्ही बाजूंनी जाड प्लायवूड, आत कप्पे, काही कप्प्यांत काचेचा कापूस (माझी मान) आणि बाकीच्यांत वाळू. वाळू ओली राहिली तर लाकूड कुजेल, म्हणून मी आईला ती भाजून द्यायला सांगितली. अंगणात चूल पेटवून मोठ्या कढईत आई बसली वाळू परतत. शेजारच्या तानूबाई कुंपणावरून बघत होत्या, त्यांना वाटलं आम्ही शेंगा भाजायचा धंदा काढला. आणल्या की पिशवीभर शेंगा! आईला नाही म्हणवेना. वाळू, मग तानूबाईंच्या शेंगा, मग पुन्हा वाळू असं चाललं (आईची पाठ). मग वरून प्लायवूड ठोकून दरवाजा बंद केला, घासला, पॉलिश केला, इतका देखणा झाला की आप्पांनी दोनदा हात फिरवला. आणि शेवटी हँडल बसवायला त्यांनी ड्रिल मारलं.

आत्या, गव्हाच्या पोत्याला भोक पडल्यावर कसं होतं? तसं. आम्ही दोघांनी मिळून वाळू भरली होती, आणि आत वाळू आहे हे दोघंही विसरलो होतो. आप्पांनी पटकन भोकात अंगठा घातला (अंगठा) आणि तसेच उभे राहिले. मी बूच शोधायला दुकानभर पळतेय, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, पलंगाचं माप द्यायला. आप्पांनी दरवाजाला अंगठा लावून त्याच्याशी सगळं बोलणं केलं. तो बिचारा जाताना मला हळूच विचारतोय, “वडिलांना काय लागीर झालंय का?”

मग वजनाचं. नेहमीच्या बिजागऱ्या लावल्या तर त्या पापडासारख्या वाकल्या. झुंबरमामा वेल्डरकडे गेलो. त्यांनी दरवाजा उचलायचा प्रयत्न केला, खाली ठेवला, टोपी काढून डोकं पुसलं आणि म्हणाले, “ह्यो दरवाजा न्हाय वैष्णवी, ही ट्रॉली हाय.” आणि खरंच उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्या काढून दिल्या. एकीवर ट्रॉलीचा लाल रंग अजून आहे. कडेनं आवाज जाऊ नये म्हणून चौकटीला ट्रॅक्टरच्या ट्यूबची रबरी पट्टी लावली.

इथंपर्यंत झालं आणि तू आलीस. चौकटीची पूजा तुझ्याशिवाय कोण करणार! नारळ फोडलास, हळद-कुंकू लावलंस, आणि पिवळ्या फडक्यात हळकुंड, सुपारी, तांदूळ बांधून ते गाठोडं चौकटीच्या वरच्या कोपऱ्याला दोरा गुंडाळून घट्ट बांधलंस. डॉक्टर शिकलेले असून काही बोलले नाहीत. तू सगळं छान केलंस. फक्त त्याच दिवशी संध्याकाळी जेवताना नागेशच्या स्थळाचं पुन्हा काढलंस.

आत्या, नागेश चांगला आहे. मी खोटं नाही सांगत. मागं ते सगळे बघायला आले होते तेव्हा त्यानं मला विचारलं की दुकानात तुम्हाला काय करायला आवडतं, असं आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. त्याच्या आईनं माझे तळवे बघून “घट्टे पडलेत गं, पुण्यात आलीस की जातील” असं म्हटलं, तेही मायेनंच. पण माझं लक्ष आप्पांकडे होतं. तू जेवताना विचारलंस तेव्हा ते ताटातून मान वर न करता म्हणाले, “चांगलं हाय.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माझ्या लग्नातल्या कपाटासाठी सागवान काढून ठेवलेलं! ठेवणीतलं, ज्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत ते. मी म्हटलं, बरं. म्हणजे ह्यांना मी जायला हवीच आहे. मग मी कशाला अडून बसू? म्हणून तुझ्या एस.टी.पाशी ते ‘हं’ आलं. ते ‘हो’च होतं, फक्त तोंडातून निघत नव्हतं.

काल दरवाजा बसवला. तालमीतली पोरं आली होती उचलायला. दरवाजा चौकटीत बसला तेव्हा असा ‘धप्प’ आवाज आला की माझ्या अंगावर काटा आला. मग डॉक्टर म्हणाले, चाचणी घेऊ. एकानं आत जायचं आणि दार उघडेपर्यंत मोठमोठ्यानं बोलत राहायचं. मला वाटलं मलाच पाठवतील, पण आप्पाच म्हणाले, “मी जातो.” आप्पा! बोलायला! मी तर म्हटलं, आता दरवाजा पास होणारच, आत आवाजच होणार नाही.

दार लागलं. डॉक्टरांनी मधोमध कान लावला, काही नाही. कंपाउंडर पालथा पडून उंबऱ्याला कान लावून बसला, काही नाही. मी स्टुलावर चढून वरच्या कोपऱ्याशी कान नेला. आणि आत्या, तुझ्या गाठोड्याच्या दोऱ्यामुळं रबर तिथं दाराला टेकतच नव्हतं. डाळीच्या दाण्याएवढी फट. पुस्तकात लिहिलंय की एवढ्याशा फटीतूनही सगळा आवाज येतो. ते खरं आहे.

“हॅलो. आप्पा बोलतोय.” (फोनवर बोलल्यासारखं.) मग, “डॉक्टर, ऐकाय येतंय का? न्हाय? बरं हाय. डॉक्टर, तुमचा चहा लई फुळकवणी असतो.” आणि हसले. एकटेच! मग तुझा नंबर. (हे गाळणार होते, पण खोटं सांगू नये असं तूच शिकवलंस.) “साखरे, ल्हानपणी मेंढरामागं तू बोंबलायचीस तवा लांडगं पळायचं. आजून बी पळत्याल.” मग, “पुण्याचं स्थळ तू लई घाईनं आणलंस गं. मानसं चांगली हायती. नाव ठेवाय जागा न्हाय, हीच पंचाईत.”

मी खाली उतरणार एवढ्यात पुन्हा सुरू झालं, अगदी हळू नाही, पण मशीन बंद केल्यावर माणूस बोलतो तसं.

“पोरगी रंधा मारती तवा मी मुद्दाम पाठ करून बसतो. बघत बसलो तर तिला वाटंल, बाप चुका काढतोय. पाठ करून नुसतं ऐकतो. हात कुठं दाबला, कुठं ढिला सोडला, समदं कळतं. ती गेल्यावर दुकानात आवाज लई होतील, पर ऐकाय काय उरंल? जाऊ नगं म्हणायचं म्हंजे तिच्या संसाराच्या आड यायचं. तिनंच एकदा म्हणावं, आप्पा, मला हितंच काम करायचंय. मग बघतो तिला पुण्याला कोण नेतंय.”

खालून डॉक्टर विचारत होते, “वैष्णवी, वर काही?” मी म्हटलं, “काही नाही सर.” दुसरं काय म्हणणार? दार उघडलं. आप्पा घामाघूम. डॉक्टर म्हणाले, “काय आप्पा, काय बोलत होता एवढं?”

“काय न्हाय,” आप्पा म्हणाले. “आकडे म्हणत हुतो. एक, दोन, तीन.”

आता माझी अवस्था बघ. ऐकू आलं म्हणावं तर दरवाजा नापास, आणि आप्पा तर जमिनीतच गेले असते. नाही म्हणावं तर डॉक्टरांना फसवल्यासारखं, आणि ते आजोबा पुन्हा ट्रॅक्टरला बोट वर करणार. मी म्हटलं, सर, वरचं रबर मला जरा नीट बसवायचंय, मग पुन्हा चाचणी घेऊ. आप्पांनी एकदम माझ्याकडे बघितलं. गूळ चोरताना सापडलेल्या पोरासारखं. “का? ऐकाय आलं का काय?” मी म्हटलं, “नाही हो आप्पा, डोळ्याला फट दिसतेय.” ते “हं” म्हणाले. कुठला ‘हं’ ते मला अजून कळलेलं नाही.

फट बुजवली. नवीन ट्यूब कापून लावली. डॉक्टर कंपाउंडरला आत पाठवत होते, तर आप्पा त्याला बाजूला सारून स्वतःच आत गेले! दार लागलं. मी वर कान लावला, खाली लावला, दोन्ही बाजूंना लावला. काही नाही आत्या. एकदम काही नाही. बाहेरून ट्रॉल्या चालल्या होत्या, मी रस्त्यावर जाऊन ट्रॅक्टरवाल्याला टेप बंद करायला लावला आणि परत येऊन ऐकलं. तरी नाही. ह्या खेपेला डॉक्टरांना मधेच फोन आला म्हणून आप्पा बराच वेळ आत होते. मी दार उघडलं तेव्हा त्यांचं तोंड उघडं होतं, एक हात वर होता आणि डोळे ओले होते. म्हणाले, “शंभरापर्यंत गेलो.”

इतका चांगला दरवाजा मी जन्मात पुन्हा करू शकणार नाही, आणि दार लागल्यापासून मला एकच वाटत होतं, की तो जरासा वाईट असायला हवा होता.

सगळ्यांना नमस्कार, म्हशींना पण.

तुझी,
वैष्णवी

ता. क. तुझं गाठोडं मी काढलं नाही, देवाशपथ. भिंतीवर खिळा मारून वीतभर वर सरकवलं, आणि सरकवताना हात जोडले. आशीर्वाद तेवढ्या अंतरावरून पोचतो असं मी धरून चाललेय.

पुन्हा ता. क. (आता खरं काम.) नागेशच्या घरी नाही सांग. नीट सांग, मायेनं सांग, पत्रिकेवर ढकलू नकोस. मुलीला सुतारकाम सोडायचं नाही असंच सांग, नागेशला ते पटेल असं मला वाटतं. आणि आप्पांना ह्या पत्राविषयी एक शब्द नको, नाहीतर लांडगे पळतील.

आणि हे पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहितेय, कारण आई चिकटवायला खळ घेऊन उभी आहे. आप्पांशी मला लवकरच बोलायचंय. पण ते आत जे म्हणाले तेच मी तोंडानं म्हटलं, तर त्यांना लगेच कळेल की मी ऐकलं, आणि मग ते बंद दाराआडही बोलायचे नाहीत. न म्हणावं तर ते वाट बघत बसतील आणि कपाट पुरं होईल. तू त्यांची सख्खी बहीण. मी ऐकलं हे त्यांना सांगून टाकू, की माझ्याच मनातलं म्हणून बोलू? तुला काय वाटतं?