ज्या टेपनं माप, त्याच टेपनं काप

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. गाडीत खिडकी मिळाली. शेजारच्या माणसाला मात्र अर्धंच आसन मिळालं, उरलेलं माझ्याकडे होतं. हे वाचून तू हसणार म्हणून आधी तेच लिहिलं.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. तू बाहेर बसली होतीस तेव्हा सर्जननी मला सगळं नीट सांगितलं. रक्त जुळतं, माझ्या दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत, त्यातली एक तुला द्यायला हरकत नाही. हरकत आहे ती पोटाची. माझं वजन पंच्याण्णव. ते चौऱ्याऐंशीच्या खाली आल्याशिवाय ते मला टेबलावर घेणार नाहीत. एवढ्या चरबीत ऑपरेशनला धोका, शिवाय पुढे एकट्या राहिलेल्या किडनीवर भार. आणि तुझ्या किडन्या पार थकून तुला डायलिसिसच्या यंत्राला जोडायची वेळ यायच्या आत हे उरकावं, असंही ते म्हणाले.

भाऊजींचं रक्त जुळलं नाही त्या दिवशी ते जिन्यातच बसून राहिले होते, मी पाहिलं. माझं जुळलं तेव्हा मनात आलं, देवानं हे एवढं मोठं धूड दिलं ते काहीतरी मनात धरूनच.

आहाराच्या बाईंनी आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक, असं सांगितलं. म्हणजे चार-पाच महिने. एवढा धीर कोणाला? मी महिन्याभरात उतरवतो. आजपासून एकच वेळ जेवण. दुकानात आल्या आल्या कंबर मोजली, बेचाळीस भरली. छत्तीसची विजार आजच बेतून ठेवली आहे. ती घालूनच तुझ्यासमोर येईन.

लोभ आहेच. उतरवायच्या वस्तूंत तो धरलेला नाही.

तुझा,
धाकटा

१० जानेवारी

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हसले, आणि मग रागावले. दोन्ही तुझ्याच हिशेबात मांड.

एक सांग. तुझ्या दुकानात एखादा आला आणि म्हणाला, शिंपीबुवा, उद्या सकाळी सूट हवा, तर तू त्याला काय सांगतोस? पंधरा दिवस लागतील आणि मध्ये एकदा ट्रायलला या, हेच ना? आपले आबा तर घाईच्या गिऱ्हाइकाला पाणी पाजून परत पाठवायचे. मग माझ्यासाठी चाललेलं काम तू ट्रायलशिवाय का शिवतोस? आधी दोन किलोचं ठरव. ते अंगाला बसतंय का बघ. मग पुढचे दोन.

आबांच्या दुकानात मी काजं-बटणं करायचे तेव्हा तू कापडाच्या ढिगावर झोपायचास. तुला उचलून घरी न्यायचं काम माझं. तेव्हापासून तुझं वजन मला ठाऊक आहे, माझ्यापुढे आकडे फेकू नकोस.

माझी तब्येत बरी. पायांना सूज येते संध्याकाळी, तेवढंच. वहिनीला आशीर्वाद सांग, आणि तुझ्या ताटावर लक्ष ठेवायलाही सांग.

माझा लोभ तू पोटभर जेवलास तरी राहील.

तुझी,
ताई

२७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ट्रायलचं बोलणं पटलं, पण आता गरज उरली नाही. अडतीस! रोज सकाळी अंघोळ झाली की डोळे मिटून थोडा वेळ बसतो, मग उठून आरशाजवळच्या खुंटीवरची टेप घेतो. बेचाळीसाचे अडतीस झाले. वजनाचा काटा मी घरात आणलेला नाही. शिंप्याचा विश्वास टेपवर.

भुकेचं म्हणशील तर ती पहिले चार दिवस भांडते, मग रुसून बसते. थोडं डोकं हलकं वाटतं. परवा इस्त्री करताना हिनं माझ्या हातातून इस्त्री काढून घेतली. बायकांना उगाच काळजी.

मी दवाखान्यात फोन करून पाच फेब्रुवारीची वेळ मागून घेतली. तयारीत राहा. मला तर वाटतं, देवालाही घाई आहे.

तुझा लोभ घेऊनच गाडीत बसेन, दुसरं ओझं आणणार नाही.

तुझा,
धाकटा

३० जानेवारी

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

खुंटीवरची टेप म्हणजे कोणती? तुमच्या आरशाजवळ आबांची टेप टांगलेली असते, पिवळी पडलेली. तीच ना? आणि बेचाळीस मोजलेस ते दुकानातल्या नव्या टेपनं.

अरे, ती टेप आबांच्या गळ्यात जन्मभर राहिली, ओढून ओढून ढिली झाली. तिचा इंच आता इंच राहिलेला नाही, मोठा झाला आहे. पोस्टमास्तरांचा कोट आठव. आबांनी माप त्या टेपनं घेतलं, मी कापड नव्या टेपनं आखलं, आणि कोट पोस्टमास्तरांच्या खांद्यावरून खाली उतरेना. त्या दिवसापासून आबा म्हणायला लागले, ज्या टेपनं माप, त्याच टेपनं काप. तुलाही पाठ आहे. दुसऱ्याच्या कमरेसाठी पाठ आहे, स्वतःच्या नाही. आज दुकानात जाऊन नव्या टेपनं मोज. चाळीसच्या आसपास भरशील.

आणि इस्त्रीचं तू अर्धंच लिहिलंस. वहिनीचा फोन आला होता. वन्सं, हे मशीनला टेकून खालीच बसले, आणि बँकेच्या साहेबांच्या कोटाची बाही जळली, असं ती रडत सांगत होती. मी तिला म्हटलं, कोट गेला तर जाऊ दे, आत माणूस नव्हता हे नशीब.

देवाला घाई आहे असं लिहितोस. भूक त्यानंच दिली आहे ना? मग तिचा अपमान करून त्याला काय खूश करणार? उपाशी भावाची किडनी मला नको. तरी पाचला ये. डॉक्टर तुला तपासतील आणि तुझे कान मी धरेन.

लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझी,
ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यासमोर त्या दिवशी तोंड उघडलं नाही, ते आता उघडतो. नव्या टेपनं चाळीसच भरली. दवाखान्याच्या काट्यावर नव्वद. म्हणजे पाच किलो गेले, पण आहाराच्या बाई म्हणाल्या, यातलं बरंचसं पाणी आहे आणि काही तुमचं मांस, चरबी आपली बसून आहे. रक्तदाब खाली, रक्ताचे आकडे बिघडलेले. सर्जननी कागद मिटून ठेवले आणि म्हणाले, अशा माणसाला मी टेबलावर घेत नाही. नीट खा, आणि जूनमध्ये या. तू बाहेर बाकावर बसून माझ्याकडे बघत होतीस, आणि मला तुझ्याकडे बघवेना.

गाडीत सगळा रस्ता एकच आठवत होतं. जुना कपडा उसवताना शिकाऊ पोरं दोरा ओढून काढायला जातात. शिवण सुटते, पण कापडही फाटून येतं. एकेक टाका कापून काढावा लागतो. मी पंचवीस वर्षं हे पोरांना सांगतो आहे.

तर आता ऐक. महिन्याला दोन किलो, एवढंच ठरवलं. तेही मी नाही, बाईंनी आणि हिनं मिळून. तीन वेळा जेवायचं, अर्ध्या ताटात भाजी, रोज अंडं नाहीतर कडधान्य, गोड आठवड्यातून एकदा आणि तेही बसून, उभ्यानं नाही. रात्रीचं जेवण दुकान बंद करून आल्यावर नाही, आधीच. स्कूटर पोराला दिली, मी दुकानात चालत जातो. काटा आणला, आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी. आबांची टेप खुंटीवरच आहे, नमस्कारापुरती.

जूनपर्यंत धीर धर, ताई. या वेळी ट्रायल देत देत येतो.

तुझ्या लोभाला मात्र पथ्य सांगितलेलं नाही, तो भरपूर वाढ.

तुझा,
धाकटा

१९ मार्च

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

अठ्ठ्याऐंशी वाचून बरं वाटलं. वहिनीनं सांगितलं की तू चालत जातोस म्हणून रस्त्यातले सगळे तुला थांबवून गप्पा मारतात आणि दुकान उशिरा उघडतं. गिऱ्हाइकं कमी झाली तरी चालतील.

मी पण एक नवीन सुरू केलं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी वाचनाच्या वर्गाला जाते. आम्ही पाच-सहा जण असतो, मी मोठ्यानं वाचते, बाकीचे ऐकतात. मास्तरीण व्हायची हौस राहिली होती ना. त्या दिवशी फोन करू नकोस, घरी नसते. तुझे भाऊजी सोडायला-आणायला येतात आणि बाहेर बसून पेपर वाचतात.

मी खुशाल आहे. तू घाई करू नकोस, हे पुन्हा लिहिते आणि पुढच्या पत्रातही लिहीन.

लोभ रोजचाच.

तुझी,
ताई

११ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शहाऐंशीवर गाडी अडली आहे. तीन आठवडे काटा जागचा हलत नाही. खरं सांगतो, गेल्या सोमवारी ताट बाजूला सारलं होतं. म्हटलं, दोन दिवस पाण्यावर राहू. ही समोर बसली आणि तिनंही आपलं ताट बाजूला सारलं. मग काय, दोघं जेवलो.

आहाराच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, असं होतंच, शरीर हिशेब जुळवत असतं. चालणं थोडं वाढवा आणि झोप नीट घ्या. मी सकाळी नुसता बसायचो, आता मनातल्या मनात नाव घेत नदीकडून फेरी मारून येतो. देवाला चालेल असं वाटतं. त्यालाही बाहेरची हवा लागते.

विजारींना सध्या कच्चा टाका घालून ठेवतो. पक्की शिलाई आधीच मारायची नाही, कंबर खरोखर उतरली की मारायची. छत्तीसची विजार कपाटात तळाला टाकली. तिचा आणि माझा काही संबंध नाही. मला चौऱ्याऐंशीच्या खाली यायचंय, नवरदेव व्हायचं नाही.

तुझ्या वर्गात काय वाचता? मागच्या दोन पत्रांत तू पुस्तकाचं नावच लिहिलं नाहीस. अक्षरही जरा वाकडं आलं आहे. लवकर लिही.

लोभ कच्च्या टाक्याचा नाही, पक्का आहे.

तुझा,
धाकटा

१५ जून

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

काल तू गाडीत बसलास आणि मागून सर्जनचा फोन आला. साडेत्र्याऐंशी, रक्तदाब उत्तम, रक्ताचे आकडे असे की ते म्हणाले, या माणसाची किडनी मला स्वतःलासुद्धा चालेल. तारीख ठरली, पुढच्या महिन्याची नऊ. तुझ्या भाऊजींनी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसला.

आता सांगते. वाचनाचा वर्ग नाही. मार्चच्या सुरुवातीपासून मंगळवार-शुक्रवार मी डायलिसिसच्या यंत्राला जोडलेली असते. उजव्या हाताला सुया असतात, म्हणून तिथे बसून डाव्या हातानं लिहिलेली ती वाकडी अक्षरं. मोठ्यानं वाचते हे मात्र खोटं नाही. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारबाबांना पेपर वाचून दाखवते, आणि मी थांबले की ते ओरडतात.

सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी ताट बाजूला सारलं असतंस. मग जूनऐवजी डिसेंबर झाला असता. तू आबांच्या टेपनं मला फसवलंस, मी वर्गानं तुला. फिटंफाट.

आणि एक मनातून काढून टाक. जानेवारीत तू शहाण्यासारखा वागला असतास तर मला सुया टोचल्या नसत्या, असं तू रात्रंदिवस घोकणार, मला माहीत आहे. कदाचित टोचल्या नसत्या. कदाचित तरीही टोचल्या असत्या. माझ्या पायांची सूज तुझ्या टेपनं वाढलेली नाही. जे मापात येत नाही ते कापायला बसू नये.

आठला येताना दोन सैल सदरे आण. पोटावर टाके असतील. आणि घरून जेवून निघ.

लोभ आता थोडक्यात लिहिते, उरलेला समोरासमोर.

तुझी,
ताई

१३ जुलै, खालच्या मजल्यावरून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ही चिठ्ठी नर्सबाईंच्या हाती वर पाठवतो. त्या म्हणाल्या, एकाच इमारतीत बहीणभाऊ आहात आणि पत्रं कसली लिहिता? मी म्हटलं, समोर ती मला बोलू देत नाही.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस दुकान उघडलं नव्हतं. वाईट वाटलं म्हणून, आणि तू म्हणालीस तसं घोकत बसलो म्हणूनही. तिसऱ्या दिवशी नदीकडून फेरी मारून आलो, जेवलो आणि तुझे सदरे शिवायला घेतले. माझे नव्हे. तुलाही टाके पडणार हे तुझ्या लक्षात आलं नव्हतं. दोन्ही तुझ्या उशाशी पिशवीत आहेत. नव्या टेपनं बेतले.

सर्जन सकाळी येऊन सांगून गेले की ती किडनी टेबलावर जोडल्या जोडल्या कामाला लागली. शिंप्याच्या घरची आहे, बसून राहायची तिला सवय नाही. मी त्यांना विचारलं, तिचं वजन किती भरलं? म्हणाले, दीडशे ग्रॅमच्या आसपास.

आज मला काट्यावर उभं केलं. ऐंशी आणि वर थोडं. नर्सबाई म्हणाल्या, अजून उतरलं की तुमचं. मी म्हटलं, त्यातलं दीडशे ग्रॅम उतरलेलं नाही, वर गेलंय, दुसऱ्या मजल्यावर.

तेवढं वजन आता तुझं. ते उतरवायच्या मागे लागू नकोस, आणि माझा लोभही त्याच्याशेजारी राहू दे. जागा आहे.

तुझा,
भोपळ्या