ओल्या पायांचं गाणं

रविवार, ता. ३

पोचलो एकदाचा! शेवटच्या उतारावर जीपनं असा हिसका दिला की माझी जुनी कंबर आणि नवी टोपी दोन्ही गेल्या. टोपी सापडली.

ही वही आमच्या टिमकीनं बळेच पिशवीत कोंबली आहे. रोज काय केलंस ते लिही, नाहीतर आल्यावर मला थापा मारशील, असा तिचा दम आहे. नऊ वर्षांची पोरगी, पण तोंड क्षणभर मिटत नाही, म्हणून टिमकी. तिची परीक्षा आणि हिची हॉस्पिटलातली ड्युटी, त्यामुळे दोघी घरी आणि मी एकटा मोकाट. दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या माणसानं आठवडाभर हिरवं बघावं, यात चैन कसली? औषधच आहे ते.

कॅम्प अगदी साधा. बांबूच्या मोजक्या खोल्या, मधे चोपलेल्या मातीचं अंगण, नदीत उतरणारा लाकडी धक्का आणि एका टोकाला स्वयंपाकघर, ते आमची ताई सांभाळते. वीज नाही, कंदील आहेत. फोन लागतो तो फक्त वर चढावर, जिथं नदीचा आवाज थांबतो तिथं. संध्याकाळी कॅम्पवरचे लोक पाहुण्यांना लोकगीतं म्हणून दाखवतात, त्यासाठी लांबून माणसं येतात.

ताई धावत आली नाही. धक्क्यावर उभी राहून हात हलवत होती. जवळ गेल्यावर मात्र तिनं असं कवटाळलं की मी पुन्हा अर्ध्या चड्डीत गेलो. आई गेली तेव्हा मी जेमतेम चालत होतो. न्हाऊ-माखू घातलं ते ताईनं, माझ्यासाठी गल्लीभर भांडली तीही ताईच. माझं सगळं करता करता तिचं लग्न राहूनच गेलं. ती बोलावते आणि मी जातो, यात विचार करण्यासारखं काही नसतं. ही म्हणते, तुमच्या ताईनं विहिरीत उडी मार म्हटलं तर तुम्ही फक्त चपला कुठं काढू एवढंच विचाराल. असू दे. ताई आहे ती.

आधी इथं आमची मावशी गायची. तिला भेटायला म्हणून ताई आली, मग मावशी घरी परतली आणि ताई इथंच राहिली. हवा मानवली म्हणे. मला तर आजच मानवली आहे. जेवण दोनदा वाढून घेतलं.

सोमवार, ता. ४

काल संध्याकाळचं गाणं अजून कानात आहे. इथली रीत गमतीची. ज्याचं गाणं त्यानंच म्हणायचं. ढोलवाले काका आपलं म्हणतात, बासरीवाल्या बाई आपलं. दुसऱ्याच्या गाण्यात कुणी सूर मिसळत नाही, ठेकासुद्धा धरत नाही. शेवटी दिवेलागणीला ताईची पाळी. ती घोट्याएवढ्या पाण्यात उतरते आणि म्हणते:

थांब नदी गं, थांब जरा,
माझं माणूस येऊ दे घरा.

प्रत्येक ओळ पलीकडच्या काठावरून परत येते. पाहुणे म्हणाले, काय सुंदर प्रतिध्वनी! ताईचा आवाज असा आहे हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. डोळे भरून आले, उगाच कशाला लपवू.

सकाळी चहाला एक मजा झाली. सगळे पाहुणे त्या गाण्याची चाल आठवत बसले होते आणि एकालाही आठवेना. एक जोडपं तर आपसात भांडलं. मी मात्र पहिलं कडवं घडाघडा म्हणून दाखवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ढोलवाले काका मात्र हातातला कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले, आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस बघतो तसे. मग चहा अर्धा टाकून उठून गेले. गुणी माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही ते असं.

बुधवार, ता. ६

ताई मला गाणं शिकवते आहे! घरातलं घरात राहावं, म्हणाली. मी भांडी विसळतो, ती घासता घासता ओळ सांगते, मी मागून म्हणतो. लहानपणी पाढे असेच पाठ करून घ्यायची, चुकलं की ओल्या हातानं टपली. आजही एक खाल्ली.

तिचे पाय बघून वाईट वाटलं. खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखे पांढरे, सुरकुतलेले. फरशीवर तिच्या पावलांचे ओले ठसे उमटतात, पुसले तरी पुन्हा. मलम लाव म्हटलं तर हसली. नदीकाठी राहायचं म्हणजे एवढं चालायचंच, म्हणाली.

टिमकीला इथून काय नेऊ विचारलं तर ताईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग विचारलं, तिलाही गाण्याचं अंग आहे का? मी म्हटलं, तिला सगळ्याचंच अंग आहे, फक्त अभ्यासाचं नाही.

शुक्रवार, ता. ८

काल ताईनं मला पाण्यात उतरून म्हणायला लावलं. पलीकडून उत्तर आलं ते माझ्या आवाजात. येणारच, प्रतिध्वनीच तो. फक्त एका ओळीला ते माझ्या आधी आलं.

मी ताईला सांगितलं. तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, लक्ष देऊ नकोस, आता एकच कडवं उरलंय.

ते आज दुपारी शिकवलं.

माझी जागा धरून बस,
मी निघाले, तू इथंच अस.

मी म्हणून दाखवलं. एकही चूक नाही. ताई खाली बसली आणि हमसून हमसून रडली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, माझं तोंड पदरानं पुसलं. मला वाटलं, उद्या मी जाणार म्हणून. तिला म्हटलं, अगं वेडे, सुट्टीत सगळ्यांना घेऊन येतो.

रात्री तिनं चपला घातल्या. इथं आल्यापासून तिच्या पायात चप्पल मी पहिल्यांदाच बघितली. फरशी कोरडी होती.

शनिवार, ता. ९

ताई गेली. पहाटेच्या जीपनं, मला न उठवता. खोली झाडून स्वच्छ, तिची कपड्यांची पेटी नाही.

माझे पाय ओले आहेत.

दुसऱ्या जीपनं मीही निघालो. घरी जाऊन ताईला चांगलं खडसावायचं असं मनाशी घोकत होतो. चढावर नदीचा आवाज बारीक होत होत थांबला आणि माझ्या तोंडात पाणी आलं. लाळ नव्हे, नदीचं पाणी, गाळाच्या चवीचं. थुंकलो, पुन्हा आलं. नाकातून, घशातून. श्वास घेता येईना. ड्रायव्हरनं जीप वळवली. त्याला नवल वाटलं नाही, हे मी नीट बघितलं. खाली आल्याबरोबर सगळं थांबलं.

मग ढोलवाल्या काकांनी जवळ बसवून सांगितलं. इथं गाणं माणसाचं नसतं, माणूस गाण्याचं असतं. ज्याच्याकडे गाणं आहे त्यानं नदीच्या आवाजाबाहेर जायचं नाही आणि रोज दिवेलागणीला ते म्हणायचं. सुटका एकच. रक्ताच्या माणसाला शिकवायचं. परक्याच्या तोंडी ते बसतच नाही. मावशीनं ताईला दिलं, ताईनं मला.

मी म्हटलं, खोटं. माझी ताई असं करणार नाही.

काकांनी माझ्या पायांखाली टॉवेल सरकवला.

रविवार, ता. १०

काल मुद्दाम म्हटलं नाही. दार लावून खोलीत बसलो. बाहेर अंधार पडू लागला तसं पाणी आलं, दाराखालून नव्हे, माझ्याच तोंडातून. गाईपर्यंत थांबलं नाही. शेवटी गुडघ्यांवर बसून म्हटलं, ओकत ओकत.

ताई, टपल्या मारून पाढे शिकवलेस, सायकल शिकवलीस, आणि हे? पदरानं माझं तोंड पुसलंस तेव्हा तुझा हात कसा थरथरला नाही? भांडी घासताना हसत होतीस. मी विनोद केले आणि तू हसलीस! मला विचारायचं तरी होतंस. मी कदाचित हो म्हणालो असतो. तुझ्यासाठी हो म्हणालो असतो मी. तू विचारलंच नाहीस.

काकांना विचारलं, जाताना माझ्यासाठी काही बोलली का? ते सांगायला तयार नव्हते. मग म्हणाले, बोलली: दुसरं कुणी न विचारता आलंच नसतं.

मंगळवार, ता. १२

पाहुणे आज गेले. त्या भांडणाऱ्या जोडप्याला घरचा नंबर दिला. चढावर पोचल्यावर फोन करा, हात जोडले. निरोप एवढाच: इकडे कुणी येऊ नका. टिमकीला तर मुळीच पाठवू नका. ताईवर विश्वास ठेवू नका.

हे शेवटचं वाक्य बोलताना जीभ अडखळली.

काकांना मुलगा आहे, हे आज कळलं. मोठा, कमावता, धडधाकट. मी विचारलं, मग इतकी वर्षं तुम्ही त्याला बोलावलं नाहीत? ते म्हणाले, मुलगा आहे म्हणून तर मी इथं आहे.

मी पण तेच करीन. लिहून ठेवतो, म्हणजे मागं फिरता येणार नाही. माझ्यानंतर हे गाणं नाही.

गुरुवार, ता. १४

पावलांची कातडी सुटते आहे. दुखत नाही.

पलीकडचा आवाज आता दिवसाही — मी बोललो नाही तरी.

निरोप पोचला असेल. पोचलाच असेल. ही मला शोधायला येईल, पण टिमकीला आणणार नाही. शहाणी आहे ती.

शुक्रवार, ता. १५

जीप आली. दार उघडलं आणि — टिमकी. एकटीच उतरली, पाठीला दप्तर. आत ताई बसलेली. उतरली नाही. काचेतून माझ्याकडे बघितलं, मी धावलो, जीप वळली —

टिमकी सांगत होती, आईची ड्युटी होती, फोन आत्यानं घेतला. आत्या म्हणाली, बाबाला तुझी आठवण येते, तुझ्याशिवाय त्याची सुटका नाही. आणि माझ्यासाठी निरोप: मला फार वाट बघावी लागली, तुला लागू नये म्हणून पोर आणून पोचवते आहे.

म्हणजे हे तिनं प्रेमानं केलंय. प्रेमानं!

काकांनी टिमकीला चढापर्यंत नेलं. पुढं ते जाऊ शकत नाहीत. पळत जा म्हणाले. ती थोडी गेली, एकटी घाबरली, पळत परत आली. बाबाकडे.

दिवेलागण होते आहे. तोंड उघडलं तर गाणं निघेल. म्हणून लिहितोय. तिला दाखवायला —

टिमके, बाबा बोलू शकत नाही. हे वाच. कान झाक. दोन्ही हातांनी. काकांकडे जा. ढोल जोरात वाजवा म्हणावं. माझ्यावर रागाव, मला शिव्या दे, काहीही कर, पण इथं बसू नकोस —

पाणी आलं. गिळतोय. दात आवळलेत.

वाचत नाहीये ती. माझ्या तोंडाकडे बघते आहे. हसते आहे. वाटतंय मी खेळतोय —

टिमके कान झाक टिमके कान

पहिली ओळ पलीकडून आली. माझ्या आवाजात. मी तोंड उघडलं नाही, शपथ, मी नाही —

तिनं मान डोलावली. आणि दुसरी ओळ, कुणी सांगायच्या आधीच, तिनं