दोनदा म्हटलेलं नको

कासेल, जर्मनी
१० ऑगस्ट २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि. मी खुशाल आहे. फोन केला की तुम्ही स्पीकर लावून सगळे ऐकता, म्हणून हे पत्र.

इथल्या वृद्धाश्रमात माझ्या हातून चूक झाली. गेर्डाबाई नावाच्या, अंथरुणाला खिळलेल्या आजींना मी जेवू घालते. त्या दिवशी अर्धा दूधभात ठेवून त्या नको म्हणाल्या. आपल्याकडे पहिल्या नकोवर वाढणं थांबवलं तर पाहुणा उपाशीच उठेल! मी लाडाने आणखी एक चमचा भरवला. त्या पुन्हा नको म्हणाल्या, मी हसून पुन्हा भरवला. त्यांनी तो गिळला आणि त्यांना रडू फुटलं.

मोठ्या सिस्टर रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, या बाईंचं सगळं दुसऱ्याच्या हाती गेलंय. नको म्हणणं तेवढं त्यांचं स्वतःचं उरलं होतं. आई, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी माफी मागितली, तरी मी खोलीत गेले की त्या भिंतीकडे तोंड फिरवतात.

माझ्या साखरपुड्याची तारीख निघाल्याचं अश्विनदादाकडून कळलं. त्यावर काय लिहू? बाबांना जयभीम.

माया आहे तशीच ठेव.
तुझी रुचिता

लाखनी
३० ऑगस्ट २०२५

चि. रुचितास,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचून आधी हसले. म्हटलं, आग्रहाचा हात बरोबर माझ्यावर गेलाय! पण मग हसू टिकलं नाही.

मार्चमध्ये, तू तिकडे जायच्या आधी, तुमसरचे पाहुणे प्रफुल्लसाठी तुला बघायला आले, तेव्हा स्वयंपाकघरात तू मला नको म्हणालीस. मी म्हटलं, पोरी लाजतातच. तू पुन्हा म्हणालीस, आणि मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होकार सांगून टाकला. माझ्या वेळी मीही नको म्हटलं होतं. माझं ते लाजेपोटी होतं. तुझं कशापोटी होतं, हे मी विचारलंच नाही. पोटची पोर असून विचारलं नाही, याची शरम वाटते.

तुझ्या बाबांजवळ विषय काढला तर म्हणाले, आता काहून उकरून राहिली, तारीख निघाली ना. मी ऐकून घेतलं, पण तुला विचारल्याशिवाय राहवेना. हे लग्न तुला करायचं आहे का? जे लिहिशील तेच खरं धरीन.

जिवाला जप.
तुझी आई

कासेल
१८ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम. नाही करायचं. तेव्हाही नव्हतं. मीच मोठ्याने बोलले नाही, म्हणून आजवर स्वतःलाच दोष देत होते. प्रफुल्लमध्ये काही खोट नाही, हे त्याच्या आईला आठवणीने सांग. बाबांना मान खाली घालावी लागेल, याचं फार वाईट वाटतं.

रागावू नकोस.
तुझी रुचिता

लाखनी
८ ऑक्टोबर २०२५

चि. रुचितास,
अनेक आशीर्वाद. काल आम्ही दोघं तुमसरला जाऊन नकार सांगून आलो. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. प्रफुल्ल तेवढा फाटकापर्यंत सोडायला आला.

परतीच्या एसटीत तुझ्या बाबांनी तिकिटं काढली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, पोरगी नको म्हणत होती तवा मी दारातच उभा होतो, मले आयकू आलं होतं. तुला हे स्वतः सांगायची त्यांना हिंमत होत नाही, म्हणून मला लिहायला लावलं आहे.

जमलं तर आमच्यावरची माया कमी करू नकोस.
तुझी आई